ताईची पोटगी कशी ठरली

पोटगी म्हणजे पाचशे रुपये, हे आमच्या बारामतीत सगळ्यांना पाठ होतं. भाजीवालीला माहीत होतं, आईच्या भिशीतल्या बायकांना माहीत होतं, अण्णांच्या शाळेतल्या शिपायालाही माहीत होतं. ताई सासरहून कायमची परत आली त्या आठवड्यात निदान पाच जणांनी आम्हाला हा आकडा सांगितला. सांगण्याची पद्धत अशी, की जणू एसटीचं भाडं सांगताहेत. हितनं इंदापूरला इतके, पोटगीला पाचशे.

मी तेव्हा कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती शिकली तेव्हा गावात इंग्रजी शाळा नव्हती, माझ्या वेळेपर्यंत निघाली होती, म्हणून एकाच घरात ती मराठी शाळेतली आणि मी इंग्लिश मीडियमची. या फरकाचा मला फारसा उपयोग झाला नव्हता. इंग्रजीत चार पानं लिहायला मला काही वाटायचं नाही, पण घरात चार पाहुणे आले की मला मराठीही बोलता यायचं नाही. मी चहाचा ट्रे ठेवून आत जायचे आणि दाराआडून ऐकायचे. ऐकण्यात मी चांगली होते.

ताईचं सासर अंथुर्ण्याच्या पलीकडे, कालव्याखालच्या बागायतीत. सहा वर्षं झाली, मूल झालं नाही. दाजींच्या घरच्यांनी दुसरी सोयरीक बघायला सुरुवात केली आणि ताईला सांगितलं, तूही राहा, तुला कोण काढतंय. ताई म्हणाली, "आधी मला मोकळी करा, मग खुशाल आणा." त्यामुळं घटस्फोटाला दोघांचीही ना नव्हती. वाद एवढाच उरला, की ताईनं पुढं जगायचं कशावर.

अण्णा कन्हेरीच्या शाळेत मास्तर होते, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. ताईला घरात कुणी नको म्हटलं नसतं. पण तिलाच ते नको होतं. "मला बारामतीत एक खोली पाहिजे," ती म्हणायची, "आणि तिचं भाडं कुणाकडं मागायला लागू नये." एवढीच तिची मागणी होती. पाचशेत ती बसत नव्हती.

अण्णांच्या ओळखीचे वकील कोर्टाजवळच्या एका गल्लीत बसायचे. आम्ही तिघं गेलो. अण्णांनी खुर्चीत बसता बसता विचारलं, "पाचशेच मिळतात म्हणे?"

"गुरुजी, ती फौजदारी कोर्टाची मर्यादा," वकीलसाहेब म्हणाले. "टाकलेल्या बाईच्या पदरात लवकर काहीतरी पडावं म्हणून तो रस्ता आहे. तिथं पाचशेच्या वर जाता येत नाही. आपण घटस्फोटाच्या कोर्टात चाललोय. इथं मर्यादा नाही."

"मग किती मिळतात?"

"आकडा नाही."

अण्णांनी सगळा जन्म पाढे घेण्यात घालवलेला. आकडा नसलेलं उत्तर त्यांना पटेना. "तिसरा हिस्सा असतो म्हणतात ना?"

"कुणी तिसरा म्हणतं, कुणी पाचवा म्हणतं. कायद्यात फूटपट्टी नाही. न्यायाधीश सगळं बघून ठरवतात." मग त्यांनी कपाटातून हिंदू विवाह कायद्याचं एक जाड पुस्तक काढलं आणि माझ्याकडं सरकवलं. "ही इंग्लिश मीडियमची ना? घे पोरी. पंचविसावं कलम वाच आणि घरी सगळ्यांना समजावून सांग. माझा घसा वाचेल."

ते कलम मी तीनदा वाचलं. एका वाक्यात सात-आठ वाक्यं कोंबलेली होती. पुस्तक वकिलांचं, त्यावर खूण करायची नाही, म्हणून मी ते वहीत उतरवलं आणि तुकडे पाडले. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच आमच्या घरात न थांबता पंधरा मिनिटं बोलले. नवऱ्याची कमाई आणि मालमत्ता बघतात. बायकोची बघतात. दोघांची वागणूक बघतात, आणि बाकीची परिस्थिती. रक्कम एकदम मागता येते किंवा दरमहा. दिवस पालटले तर वाढवून किंवा कमी करून मागता येते. बाईनं पुन्हा लग्न केलं तर थांबवता येते. आणि रक्कम बुडू नये म्हणून नवऱ्याच्या जमिनीवर तिचा बोजा चढवता येतो, सोसायटीच्या कर्जाचा चढवतात तसा.

आई भाकरी थापत ऐकत होती. "म्हंजे जितकं त्याचं जास्त, तितकं हिचं जास्त?"

"साधारण तसंच."

"मग तो कशाला जास्त सांगंल?"

सगळा खटला आईनं एका वाक्यात मांडला होता. मी वही मिटली.

झालंही तसंच. दाजींचं लेखी म्हणणं आलं त्यात लिहिलं होतं, की त्यांच्या नावावर चार एकर जमीन आहे पण ती मीठ फुटून क्षारपड झाली आहे, कालव्याच्या चारीच्या शेवटाला असल्यानं पाणी पोचत नाही, उत्पन्न काही नाही, आणि ते वडिलांच्या शेतात मजुरी करून पोट भरतात. अर्जदार बाई मात्र बारावी शिकलेली असून तिला शिवणकाम येतं.

ताईनं कागद वाचला आणि हसायला लागली. मला वाटलं, रडता रडता हसतेय. पण ती खरंच हसत होती.

"क्षारपड! ह्या माणसानं स्वतःच्या रानाला क्षारपड लिहू दिलं? त्याला वाचून दाखवलंच नसंल. वकिलानं लिहिलं असंल आणि ह्यानं खाली सही ठोकली असंल."

दाजी वाईट माणूस नव्हते, हे मला इथं सांगितलं पाहिजे. दारू नाही, हात उचलणं नाही. त्यांना व्यसन एकच, उसाचं. ताईला बघायला आले तेव्हा मी शाळेत होते. त्यांनी मला नाव विचारलं नाही, इयत्ता विचारली नाही. "आमचा ऊस बघितला का?" असं विचारलं. सासरी कुणीही पाहुणा गेला की चपला काढायच्या आत त्याला बांधावर नेत. तिथं उभं करून लागण कधीची, सरी किती फुटांची, टन किती पडणार, सगळं सांगत. चहा त्यानंतर. त्यांच्या रानाला लागून चुलतभावाचं रान होतं. त्याचा ऊस बरा आहे असं कुणी म्हटलं, तर दाजी दोन दिवस नीट जेवत नसत, हे ताईनंच मला एकदा सांगितलं होतं.

पण कोर्टाला हे कसं सांगायचं? वकीलसाहेबांनी सातबारा काढला. त्यावर चार एकर होते, पीकही ऊस होतं, पण ऊस किती निघतो ते सातबारा सांगत नाही. कारखान्याची बिलं मागवायची म्हटलं तर तिथंही गुंता. आमच्या भागात एका घरचा ऊस एका नावावर कधी जात नाही. थोडा बापाच्या नावावर नोंदवतात, थोडा भावाच्या, थोडा चुलत्याच्या. ज्याच्या नावानं कारखान्याचा शेअर असेल आणि ज्याचं कर्ज थकलेलं नसेल, त्याच्या नावानं गाडी कारखान्याच्या काट्यावर जाते. यात कुणाला चोरी वाटत नाही. पण ट्रॅक्टरमधला ऊस कुणाच्या वावरातला, ते काटा विचारत नाही.

"तुमच्या मुलीलाच सांगू दे," वकीलसाहेब म्हणाले. "सहा वर्षं त्या घरात होती."

आणि तिथं आमची माती झाली. ताई साक्षीला उभी राहिली. समोरच्या वकिलांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "ताई, तुम्ही शेतात काय काम करत होता?"

"काही नाही. घरीच असायचे."

"मग किती टन ऊस निघतो ते तुम्हाला कसं कळणार?"

ताईची साक्ष तिथंच संपली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "असं का म्हणालीस? तू तर रोज रानात जायचीस."

"मग काय सांगू? भरल्या कोर्टात आपलंच आपण मोठेपण?"

मला राग आला आणि मला तिचं समजलंही. आमच्याकडं हळदीकुंकवाला कुणी साडी छान आहे म्हटलं, तर बाई म्हणते, जुनीच आहे. भाजी चांगली झाली म्हटलं, तर म्हणते, घाईत केली. ताई आयुष्यभर तेच शिकलेली. कोर्टात विचारलेल्या प्रश्नाला तिनं पाहुण्यांना देतात तसं उत्तर दिलं होतं. आणि माझं तरी काय वेगळं होतं? मी तर पाहुण्यांसमोर थांबतच नव्हते.

दोन दिवस मी विचार करत होते. आम्ही सगळे दाजींकडून एकच वदवून घ्यायला बघत होतो, की माझी कमाई जास्त आहे. कमाई कुणीच कबूल करत नाही. पण ऊस कमी आहे, हे दाजींना कुणी तोंडावर म्हटलं तर? मला हे वकीलसाहेबांना सांगायचं होतं. त्यांच्या ऑफिसात गेले तर तिथं पाच पक्षकार बसलेले. शेवटी मी वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं, घडी केली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. लिहिलं होतं ते असं: 'त्यांना कमाई विचारू नका. चुलतभावाचा ऊस त्यांच्यापेक्षा चांगला आहे, एवढंच म्हणा.'

वकीलसाहेबांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचली. "पोरी," ते म्हणाले, "तू कॉमर्सला कशाला गेलीस?"

दाजींच्या साक्षीच्या दिवशी कोर्टात बऱ्यापैकी गर्दी होती. त्यांच्या भावकीतली चार माणसं मागच्या बाकावर होती. दाजी पांढऱ्या धुवट शर्टात साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली. वकीलसाहेबांनी फार दुःखानं मान डोलावली.

"तुमची जमीन क्षारपड आहे, वाचून वाईट वाटलं."

"व्हय," दाजी पुटपुटले.

"पाणी पोचत नाही."

"शेवटाला हाय साहेब. पाण्याची पाळी चुकती."

"तुमच्या चुलतभावाचं रान कुठं आहे?"

"बांधाला बांध."

"म्हणजे तेही क्षारपडच. पण गावात चौकशी केली तर लोक म्हणतात, त्यांचा ऊस फार चांगला असतो. कष्टाळू माणूस म्हणतात. तसल्या रानात ऊस काढून दाखवला म्हणतात."

दाजींचे कान तांबडे झाले. ताईनं माझ्या मनगटाला धरलं.

"कोण म्हणतंय?"

"प्रश्न मी विचारायचे, तुम्ही उत्तर द्यायचं."

"न्हाय, कोण म्हणतंय तेवढं सांगा. त्याचा ऊस हाय का गुरांचं कडवळ हाय, जाऊन बघा की एकदा!"

मागच्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं. दाजींचे वकील उभे राहिले, "साहेब, ह्याचा अर्जाशी काय संबंध?" न्यायाधीशांनी हातानंच बसा म्हटलं.

"मी तर ऐकलं, एकरी पन्नास टन काढतात," वकीलसाहेब शांतपणे म्हणाले.

"पन्नास? पस्तिसाच्या वर गेला न्हाय कधी! पाचट जाळतंय, येळंला खत न्हाय, पन्नास कुठनं काढंल? माझा गेल्या साली अडुसष्ट गेला, तर त्याचं नाव कुणी घेत न्हाय!"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "अडुसष्ट काय?"

"टन, साहेब. एकरी."

"तुमच्या चार एकरांत?"

"चारी एकरांत," दाजी म्हणाले, आणि तेव्हा कुठं त्यांनी आपल्या वकिलाकडं बघितलं. ते कपाळ चोळत होते.

साक्षीदाराचं म्हणणं तो स्वतः बोलतोय अशा भाषेत टाइप करतात. न्यायाधीश सावकाश सांगू लागले, "गेल्या हंगामात माझ्या चार एकरांत एकरी अडुसष्ट टन ऊस निघाला, हे खरं आहे." टाइपरायटर खडखडला. मी दाजींच्या चेहऱ्याकडं बघत होते. आपण काय केलं हे त्यांना कळलं होतं. पण तरीही क्षणभर त्या चेहऱ्यावर समाधान होतं. सरकारी कागदावर त्यांचा अडुसष्ट उमटला होता, भावकीतल्या चार माणसांसमोर.

बाहेर आल्यावर अण्णा आणि वकीलसाहेब खुशीत होते. ताई खुशीत नव्हती.

"खरंच अडुसष्ट होता," ती म्हणाली. "लागणीचं बेणं मी निवडलं होतं. उसाचं एकेक टिपरं हातात घेऊन, कोंब फुटायचा डोळा बघून. सतरा बायका लागणीला होत्या, त्यांच्यावर मीच उभी होते. त्यानं नुसतं माझा, माझा म्हटलं."

"तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्हीही घरीच होते म्हणालात," वकीलसाहेब म्हणाले. ते तिला लागेल असं बोलले होते आणि ते तिला लागलं. पण त्या दिवसापासून ताई मोजून बोलू लागली आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर द्यायचं सोडेनाशी झाली.

आठवड्याभरात समोरून तडजोडीचा निरोप आला. वकीलसाहेबांच्या ऑफिसात कागदावर हिशेब सुरू झाला. चार एकरांचे टन, त्याला भाव, त्यातून खर्च वजा. वकीलसाहेब तोडणी-वाहतूक वजा करायला लागले तर ताईनं थांबवलं. "ती भावातच धरलेली असते. दोनदा कापू नका." खत, पाणीपट्टी, मशागत झाली. "मोटारीचं लाईटबिल राहिलं," ताई म्हणाली.

"अहो, आपण कमी खर्च दाखवायचा असतो!"

"असतंय ते असतंय. उद्या तो म्हणेल, हिनं लबाडी केली."

मग समोरच्या वकिलांशी बोलताना, खाली राहिलेल्या आकड्यातून दाजींचे आईवडील, नवी बायको, उद्याची पोरं यांचाही विचार झाला. ताईच्या शिवणकामाचेही चार पैसे धरले. सगळं वजाबाकी करून वर्षाच्या उरलेल्या कमाईच्या साधारण चौथ्या हिश्शावर दोन्ही वकील आले. तिसरा नाही, पाचवा नाही. अण्णांना शेवटी आकडा मिळाला.

"एकरकमी घ्या," अण्णा म्हणाले. "बँकेत ठेवू. व्याज खाईल."

"नको," ताई म्हणाली. "एकरकमी आली की ती आपल्या घरात येणार. घरात आलेला पैसा घराचा होतो. हिच्या लग्नाला लागेल, तुमच्या दुखण्याला लागेल, आणि मी नाही म्हणणार नाही. मग माझी खोली गेली."

ते खरं होतं.

"मग दरमहा," वकीलसाहेब म्हणाले.

"दरमहाही नको." आता वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. ताई सांगू लागली, सावकाश, जशी मला लहानपणी गणित समजावून सांगायची. "महिन्याच्या महिन्याला त्याच्याकडं पैसा नसतोच. उसाचा पैसा येतो तो कारखान्याच्या पहिल्या उचलीला, मग हप्त्याला, आणि राहिलेला दिवाळीला. मधल्या महिन्यांत तो स्वतःच उधारीवर असतो. दरमहा ठरवलं तर पहिल्या महिन्यालाच थकेल, मी कोर्टात खेटे घालीन, आणि सहा महिन्यांत तो म्हणेल, एवढी थकबाकी कुठनं देऊ. बिल निघेल तेव्हा मागा. आणि त्याच्या हातातून नको. सोसायटीचं कर्ज कसं बिलातून कापून घेतात? तसं कापून माझ्या खात्यावर येऊ दे. आणि त्याचा ऊस त्याच्याच नावावर गेला पाहिजे, दिराच्या नाही."

"पण कायद्यात दरमहा..." वकीलसाहेब पुस्तकाकडं हात करू लागले.

"दरमहा किंवा ठराविक मुदतीनं," मी म्हणाले. "दोन्ही आहे."

त्या ऑफिसात मी मोठ्यानं बोललेलं ते पहिलं वाक्य. वहीत ते शब्द मीच उतरवले होते आणि घरी समजावताना सोडून दिले होते, कारण ठराविक मुदत म्हणजे काय, हे तेव्हा मला समजलंच नव्हतं. पुस्तकातलं वाक्य मी वाचलं होतं, पण ते कशासाठी आहे हे सांगायला ऊस कसा विकला जातो ते माहीत असणारी बाई लागली.

वकीलसाहेबांनी कलम पाहिलं. मग कोरा कागद ओढला आणि ताईला म्हणाले, "सांगा. पहिली उचल साधारण कधी निघते?"

तडजोडीचा अर्ज कोर्टात वाचला गेला तेव्हा न्यायाधीशांनी ताईला विचारलं, सगळं समजलंय का, कुणाच्या दबावाखाली सही नाही ना. ताईनं वर्षातले तीन हप्ते, जमिनीवरचा बोजा आणि दाजींचं कारखान्याला द्यायचं संमतीपत्र, असं सगळं क्रमानं सांगितलं. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं आणि नुसतं "ठीक" म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात दाजी खांबाला टेकून उभे होते. आम्ही जवळून जाताना ते एक पाऊल पुढं आले. अण्णा सावध झाले. दाजींनी अण्णांकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही.

"ते खालचं रान," ते ताईला म्हणाले. "खोडवा ठेवू का मोडून नवी लागण करू?"

ताई थांबली. तिनं खरंच विचार केला. मी तिच्याकडं बघत होते. रागानं काहीतरी बोलेल असं मला वाटत होतं.

"मोडा," ती म्हणाली. "तिथं उसावर काणीचा रोग पडला होता. आणि बेणं विकत घेऊ नका, वरच्या रानातलं घ्या. स्वतः निवडा. बायांवर सोडू नका."

"बरं," दाजी म्हणाले.

"आणि आज संमतीपत्रावर सही केल्याबिगर अंथुर्ण्याची गाडी धरू नका. वकीलसाहेब आत थांबलेत."

दाजी आत गेले. आम्ही गेटपाशी उभे राहिलो. अण्णा म्हणाले, चला, ऊन व्हायला लागलंय. ताई म्हणाली, थांबा जरा. वकीलसाहेब सही झालेला कागद हलवत दारात आले. तेव्हा कुठं तिनं पर्स खांद्याला लावली. मग आम्ही दोघी खोली बघायला गेलो.